‘तू खंयची?’

(मालवण येथे झालेल्या महिला मेळाव्यात केलेलं भाषण. बोलण्याचा बाज तसाच ठेवून शब्दांकन केलं आहे.)

मला भाषणाची सवय नाही. माझी सवय टेबलाची. एका कॉलेजच्या ऑफिसात मी २६ वर्षं नोकरी केली, त्यातली बरीचशी शिष्यवृत्तीच्या टेबलावर. फॉर्म घ्यायचे, कागद तपासायचे, पुरे असतील तर पुढे समाजकल्याणला पाठवायचे, अपुरे असतील तर लाल शाईनं त्रुटी लिहून परत द्यायचे. निवृत्त झाले आणि आपल्या गटात आले. इथल्या बायका म्हणाल्या, तुम्ही इतकी वर्षं टेबलाच्या पलीकडे बसलात, आता जरा अलीकडे येऊन बोला. म्हणून उभी राहिले आहे.

आपल्याकडे नवी मुलगी दिसली की म्हाताऱ्या बायका दोन प्रश्न विचारतात. ‘तू खंयची गो?’ आणि ‘कोणाचां चेडू?’ एकात गाव, दुसऱ्यात बाप. त्यात वाईट काही नसतं, ओळख काढायची रीत आहे ती. शिष्यवृत्तीचा फॉर्मही हेच दोन प्रश्न विचारतो. फरक एवढाच की म्हातारीला उत्तर नाही पटलं तरी ती चहा देते. फॉर्म दार लावून घेतो.

आज मला त्या मुलींविषयी बोलायचं आहे ज्यांना या दोन प्रश्नांचं सरळ उत्तर देता येत नाही. आईबाप पोटासाठी दुसऱ्या मुलखातून आले, पण मुलगी इथलीच. बारावी झाली, कॉलेजला नाव घातलं, आणि फीसाठी सरकारकडे हात पसरला तेव्हा तिला कळलं की आपण इथल्या नाही.

एका मुलीची गोष्ट सांगते. नाव सांगणार नाही. साल २००९. बाप विजापूरकडचा, लमाणी. चिरेखाणीवर कामाला आलेला. आपल्या जिल्ह्यात कुडाळ, कणकवली, मालवण, कुठल्याही तालुक्यात जा, जांभ्याच्या खाणीवर लमाणी जोडपी दिसतील. तुमच्याआमच्या घराचे चिरे त्यांनी उचललेले आहेत. ही मुलगी जन्मली इथल्याच सरकारी दवाखान्यात. शिकली जिल्हा परिषदेच्या मराठी शाळेत. घरात गोरमाटी बोलायची, बाहेर आपल्यासारखा हेल काढून मालवणी. कानडीचं एक अक्षर तिला वाचता येत नव्हतं. बारावी झाली आणि आमच्या कॉलेजात पहिल्या वर्षाला आली. आपल्या खाणीवरची कॉलेजात आलेली ती पहिलीच मुलगी, असं तिनंच मला सांगितलं होतं.

तिनं शिष्यवृत्तीचा फॉर्म आणला. त्याला बापाचा जातीचा दाखला जोडलेला, कर्नाटकातला, कानडीत. मी तो बघितला आणि लाल शाईनं लिहिलं : ‘परराज्यातील दाखला. अपात्र.’ ती म्हणाली, ‘मॅडम, मगे मी फॉर्म खंय भरू?’ मी म्हटलं, ‘तुझ्या राज्यात भर.’ ती जरा थांबली. मग म्हणाली, ‘माझां राज्य ह्यांच नाय काय?’ मागे रांग होती. मी पुढच्या मुलीचा फॉर्म हातात घेतला.

फीचा दुसरा हप्ता तिला भरता आला नाही. दिवाळीनंतर ती दिसली नाही. होळीला ती मंडळी तांड्यावर गेली ती तिचं लग्न लावूनच परत आली, असं नंतर कळलं.

मैत्रिणींनो, मी नियमाविरुद्ध काही केलं नव्हतं. पण मी नियमाचा अर्धाच भाग लिहिला. उरलेला अर्धा मला ठाऊक नव्हता, आणि ठाऊक करून घ्यावा असं वाटलंही नाही. तो अर्धा आज सांगते. पदरात बांधून घरी न्या.

कागदावर दोन वेगवेगळ्या गोष्टी असतात. एक अधिवास, दुसरी जात. आपण दोन्ही एकत्र करतो आणि तिथेच फसतो.

अधिवास म्हणजे तुम्ही राहता कुठे. महाराष्ट्रात १५ वर्षं राहिल्याचा पुरावा असेल तर तहसीलमधून अधिवासाचा दाखला मिळू शकतो. म्हणजे ही गोष्ट कमावता येते. इथे जन्मून इथेच वाढलेल्या मुलीनं ती अठरा वर्षांत कमावलेलीच असते. फक्त पुरावा हवा.

जातीचं तसं नाही. तिथे एक तारीख ठरलेली आहे. महाराष्ट्रात जातीचा दाखला हवा असेल तर त्या तारखेला तुमचे वाडवडील महाराष्ट्रात राहत होते हे दाखवावं लागतं. अनुसूचित जातींना १० ऑगस्ट १९५०, अनुसूचित जमातींना ६ सप्टेंबर १९५०, विमुक्त जाती आणि भटक्या जमातींना २१ नोव्हेंबर १९६१, इतर मागासवर्गीयांना १३ ऑक्टोबर १९६७. त्यानंतर आलेल्याची नात इथेच जन्मली, इथेच म्हातारी झाली, तरी ती तारीख काही तिला गाठता येत नाही.

त्यातून आणखी एक गुंता. लमाणी कर्नाटकात अनुसूचित जातीत आहेत, महाराष्ट्रात विमुक्त जातीत. माणसं तीच, बोली तीच, लग्नं एकमेकांत होतात. राज्याची हद्द ओलांडली की यादी बदलते.

हा प्रश्न सर्वोच्च न्यायालयात गेला तो आपल्या मुंबईतूनच. आंध्रातला एक मुलगा वडिलांच्या नोकरीमुळे लहानपणी मुंबईत आला, मुंबईत शिकला आणि वैद्यकीय महाविद्यालयात राखीव जागेवर प्रवेश मागू लागला. १९९० साली न्यायालयानं सांगितलं की जातीजमातींच्या याद्या त्या त्या राज्यापुरत्या आहेत. एका राज्यातला हक्क दुसऱ्या राज्यात बरोबर नेता येत नाही. १९९४ साली महाराष्ट्रातल्याच दुसऱ्या एका प्रकरणात हेच कायम झालं. यामागचं म्हणणं मी झिडकारत नाही. राखीव जागा इथल्या दलित, आदिवासी मुलींनी मोठ्या झगड्यातून मिळवलेल्या आहेत. त्यांच्या ताटातला घास काढून दुसरीला द्या, असं मी म्हणणार नाही.

पण जागा वेगळी आणि फीचे पैसे वेगळे. केंद्राच्या गृहखात्यानं २२ फेब्रुवारी १९८५ ला परिपत्रक काढलेलं आहे. बापाकडे मूळ राज्याचा खरा दाखला असेल तर तो बघून, अनुसूचित जातीजमातीच्या स्थलांतरित कुटुंबातल्या मुलीला इथल्या अधिकाऱ्यानं जातीचा दाखला द्यावा, असं त्यात आहे. त्यावर मिळणारी सवलत मात्र मूळ राज्याची. आणि अनुसूचित जातींसाठी मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीचा केंद्राचा नियम असा की एका राज्याची विद्यार्थिनी दुसऱ्या राज्यात शिकत असेल, तरी शिष्यवृत्ती तिच्या मूळ राज्यानं द्यायची. म्हणजे त्या मुलीला पैसे मिळण्याची वाट होती. मी ती सांगितली नाही.

आता ती वाट कशी आहे ते बघा. कर्नाटकाचा अर्ज त्यांच्या पोर्टलवर भरायचा. त्याला जातीच्या आणि उत्पन्नाच्या दाखल्यांचे तिथल्या महसूल खात्याचे नंबर लागतात. ते मिळवायला तिथल्या तालुक्याला जायचं. तिथला कारकून विचारणार, तुम्ही इथे राहता कुठे? इथला म्हणतो तू तिकडची, तिकडचा म्हणतो तू इकडची. चेंडू इकडून तिकडे, आणि मधल्या मधे मुलीचं वर्ष जातं.

हा स्त्रियांचा प्रश्न कसा, असं कोणी विचारेल. वर्ष वाया गेलं तर मुलगा खाणीवर किंवा ट्रॉलरवर जातो आणि पुढच्या जूनला परत नाव घालू शकतो. मुलीचं वर्ष रिकामं गेलं की घरात लग्नाचं बोलणं सुरू होतं. मुलगा एकटा रात्रीच्या एसटीनं विजापूरला जाऊन कागद आणतो. मुलीला कोणी एकटं पाठवत नाही. बाप जायचा तर आठवड्याचा रोज बुडतो, आणि मुलीच्या शिक्षणासाठी रोज बुडवायचा की नाही हे बापच ठरवतो. आईच्या हातात काहीच नसतं. रेशनकार्डावर पहिलं नाव आता बाईचं असलं तरी जातीचे पुरावे विचारतात ते बाप, आजा, चुलता यांचे. नवरा टाकून गेला असेल तर तो जाताना मुलीची कागदपत्रं घेऊन जातो असंच म्हणायचं. १ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांच्या नावात वडिलांच्या नावाआधी आईचं नाव लावायचं असा महाराष्ट्रात नियम आला. चांगलं झालं. पण नाव लागलं म्हणून आईचा कागद चालायला लागला असं नव्हे.

देवगडच्या हापूसच्या बागा राखायला आणि बंदरांतल्या ट्रॉलरवर नेपाळी कुटुंबं आहेत. त्यांच्या मुलींचा प्रश्न याहून कठीण. कायदा असा की ३ डिसेंबर २००४ नंतर भारतात जन्मलेली मुलगी जन्मानं नागरिक ठरायला आईबाप दोघंही भारतीय हवेत, किंवा एक भारतीय आणि दुसरं बेकायदा आलेलं नको. म्हणजे आई मालवणची आणि बाप नेपाळचा असेल तर ती मुलगी भारतीय आहे, हे त्या आयांना ठाऊक नसतं, त्यांना सांगा. दोघंही नेपाळी असतील तर मात्र नागरिकत्व मागणाऱ्या सरकारी शिष्यवृत्त्या तिला बंद. शाळा तिला नाकारता येत नाही, शिक्षणहक्क कायदा ६ ते १४ वर्षांच्या प्रत्येक मुलाला आहे. पण शाळेनंतर सरकार हात काढून घेतं. तिथे गावातल्या ट्रस्टनं, माजी विद्यार्थ्यांनी पुढे यायला हवं. आपल्या गावच्या देवळाच्या फंडातून आपल्या मुलांना वह्या मिळतात ना? त्यातलीच एक फी.

‘बाहेरच्यांचं एवढं कशाला?’ असं कोणाच्या मनात आलं असेल. आपला जिल्हा हा चाकरमान्यांचा जिल्हा. आपले आजे गिरणीत गेले, मनीऑर्डरीवर घरं चालली. आजही बांदा, सावंतवाडी, दोडामार्गची मुलं रोज गोव्यात कामाला जातात. काही कुटुंबं म्हापशाला, पेडण्याला खोली घेऊन राहिली. त्यांच्या मुली गोव्यातल्या शाळेत शिकतात आणि गोवा सरकारची सवलत मागायला गेल्या की मामलेदाराकडून १५ वर्षांच्या रहिवासाचा दाखला आणा म्हणतात. तिथे आपण ‘भायले’. आपल्या मुलीला तिथे जे बोचतं तेच लमाण्याच्या मुलीला इथे बोचतं.

नियम वाकत नाहीत असं साहेब लोक सांगतात. सरकारला पाहिजे तेव्हा वाकतात. २८ जून २०२४ ला लाडकी बहीण योजनेचा निर्णय निघाला, त्यात अधिवासाचा दाखला हवा होता. तहसीलसमोर रांगा लागल्या आणि जुलैच्या पहिल्या आठवड्यात सरकारनं बदल केला. १५ वर्षांपूर्वीचं रेशनकार्ड, मतदार ओळखपत्र, शाळा सोडल्याचा दाखला, जन्माचा दाखला, यांतलं एक असलं तरी पुरे. परराज्यात जन्मलेल्या बाईचं लग्न इथल्या पुरुषाशी झालं असेल तर नवऱ्याचे कागद चालतील. बघा हं, इथेही बाई कुठली ते नवऱ्यावरूनच ठरलं! पण नियम चार दिवसांत सैल झाला हे खरं. महाराष्ट्रानं दावा सांगितलेली कर्नाटकातली ८६५ गावं आहेत. तिथल्या मराठी मुलांना इथल्या अभियांत्रिकीच्या प्रवेशासाठी वेगळी सोय आहे. योग्यच आहे. मग सीमेच्या अलीकडे जन्मून मराठीत शिकलेल्या लमाणी मुलीची सोय का होऊ नये?

बाहेरच्या देशातही हा झगडा झाला आहे. अमेरिकेत कॅलिफोर्निया राज्यानं २००१ साली कायदा केला की ज्यानं आमच्या राज्यात तीन वर्षं हायस्कूल केलं आणि तिथूनच पास झाला, त्याच्याकडून बाहेरच्या विद्यार्थ्याची जादा फी घ्यायची नाही, मग त्याच्याकडे त्या देशात राहण्याचे कागद असोत वा नसोत. २०११ साली अशा मुलांना राज्याची शिष्यवृत्तीही खुली केली. त्यांनी प्रश्न बदलला. ‘तुझा बाप कुठला’ याऐवजी ‘तू शिकलीस कुठे’ हे विचारलं. मला हा प्रश्न जास्त न्यायाचा वाटतो. शाळेत कोण बसलं होतं? मुलगी. मग पुरावा तिच्या शाळेचा घ्या.

कायदा बदलेपर्यंत थांबायचं नाही. बारावीचा निकाल लागल्यावर धावपळ करून काही होत नाही. आठवीत असतानाच मुलीची फाईल करा. फाईल म्हणजे साधी प्लास्टिकची पिशवी चालेल, पण ती पावसापासून आणि उंदरांपासून वाचली पाहिजे. खाणीवरच्या झोपडीत हेही कठीण असतं. म्हणून गटाच्या कपाटात त्यांच्या पिशव्या ठेवायची तयारी आपण ठेवू.

त्यात पहिला कागद जन्माचा दाखला. मुलीचं नाव त्यावर घातलेलं आहे ना ते बघा. दुसरा, शाळेच्या जनरल रजिस्टरातली नोंद. हेडमास्तरांना विनंती करून एकदा डोळ्यांनी बघा. जन्मगाव काय लिहिलं आहे? जातीच्या जागी ‘लमाणी’ आहे की नुसतं ‘हिंदू कानडी’? आमच्या टेबलावर असे कितीतरी दाखले आले. नाव घालताना बापाला मराठी येत नव्हतं, गुरुजींना गोरमाटी, मग जे सुचलं ते लिहिलं गेलं. मुलगी शाळेत असेपर्यंत ही दुरुस्ती त्या मानानं सोपी, शाळा सोडल्यावर फार जड जाते.

तिसरं, राहिल्याचा पुरावा. भाडेकरार या माणसांकडे नसतो. खाणमालक चिठ्ठी देत नाही, कारण ‘हे माझे कामगार’ असं लिहून दिलं तर उद्या कामगार कायदा दारात येईल अशी त्याला भीती. मग लसीकरणाचं कार्ड, अंगणवाडीची नोंद, दरवर्षीचं शाळेचं बोनाफाईड, रेशनकार्ड, ग्रामपंचायतीचा रहिवास दाखला, असं एकेक जमवत जायचं. चौथं, मूळ गावचा जातीचा दाखला. होळी-दिवाळीला मंडळी तांड्यावर जातात तेव्हाच तो काढून आणा, तेव्हा रोज बुडत नाही. पाचवं, मुलीच्या स्वतःच्या नावानं आधारला जोडलेलं बँक खातं. आता शिष्यवृत्ती थेट खात्यात येते. खातं बापाचं नको, तिचंच हवं.

आणि जातीच्या दाखल्याशिवायही काही दारं आहेत. केंद्राची कॉलेज विद्यार्थ्यांची शिष्यवृत्ती बारावीच्या गुणांवर आहे. आपल्या बोर्डात आपल्या शाखेत वरच्या २० टक्क्यांत यावं लागतं, घरचं उत्पन्न साडेचार लाखांच्या आत हवं. पदवीच्या पहिल्या तीन वर्षांना वर्षाला १२ हजार रुपये, आणि निम्म्या शिष्यवृत्त्या मुलींना. डिप्लोमा किंवा इंजिनिअरिंगला जाणाऱ्या मुलींसाठी तंत्रशिक्षण परिषदेची ‘प्रगती’ शिष्यवृत्ती आहे, वर्षाला ५० हजार, एका घरातल्या दोन मुलींपर्यंत. मालवणातच शासकीय तंत्रनिकेतन आहे, लक्षात ठेवा. महाराष्ट्राचा अधिवास दाखला मिळाला आणि मुलगी इथे खुल्या प्रवर्गात धरली गेली, तर राजर्षी शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्तीला अर्ज करता येतो. तिथे उत्पन्नाची मर्यादा आठ लाख आहे.

शेवटची सूचना टेबलाच्या पलीकडच्या अनुभवातून. तोंडी ‘नाही’ कधी घेऊ नका. अर्ज द्या, पावती घ्या. नाकारलं तर तारीख घालून कारण लेखी मागा. २०१५ च्या लोकसेवा हक्क कायद्यानं दाखल्यांना मुदत घातलेली आहे, मुदत उलटली तर अपील आहे. लेखी द्यायचं म्हटलं की कारकून नियम पुन्हा एकदा वाचतो. मी स्वतः तशी वाचत असे.

आपली मागणी साधी आहे. मुलीनं अर्ज जिथे शिकते तिथेच द्यावा. इथल्या समाजकल्याण कार्यालयानं तो घ्यावा, मूळ राज्याकडे पाठवावा, पैशाचा हिशेब दोन सरकारांनी आपसांत करावा. वीज, पाणी, रेल्वे यांचे हिशेब राज्याराज्यांत होतातच ना? मग एका मुलीच्या फीचा का होऊ नये? आणि आईचे कागद बापाच्या कागदांइतकेच धरले जावेत. या दोन मागण्यांचं निवेदन तयार आहे. जाताना सही करा.

ती मुलगी मला तीन वर्षांपूर्वी पुन्हा भेटली. काजूच्या कारखान्यात कामाला आहे. बरोबर तिची मुलगी होती. मला ओळखलं तिनं. मी अवघडले, माफी मागायचा प्रयत्न केला. ती म्हणाली, ‘तां जाऊंदे मॅडम. हिच्या वख्ताक काय काय कागद लागतले ता सांगा.’ मग आम्ही दोघी बसलो आणि यादी केली. शाळेच्या रजिस्टरातली जात दुरुस्त झाली. जन्माच्या दाखल्यात आईच्या नावात चूक होती, ती निघाली. तांड्यावरून आजोबांचा दाखला आला. ती मुलगी आता दहावीत आहे. पिशवी माझ्या कपाटात आहे.

परवा एका म्हातारीनं माझ्यासमोरच तिला विचारलं, ‘तू खंयची गो?’ तिनं खाणीजवळच्या वाडीचं नाव सांगितलं. म्हातारीला ते पुरलं. सरकारलाही पुरावं, एवढ्यासाठी ही सही.